म्युच्युअल म्हणजे स्टँप पेपर नव्हे

नवरा-बायको दोघेही घटस्फोटाला राजी आहेत, मग पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहायचं, नोटरी करायची की सुटलो, असं छातीठोकपणे सांगणारे माथेरान-कर्जत पट्ट्यातही भेटतात. सुटत कोणीच नाही. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरीच्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, वर द्विविवाहाचा गुन्हा. काडीमोडीची रूढी कलम 29 ने शाबूत ठेवली आहे हे खरं. पण ती आपल्या समाजात जुनी आणि अखंड चालत आली आहे, हे पुराव्याने दाखवावं लागतं. ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर भागत नाही.

माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांमधल्या ठाकर-कातकऱ्यांची गोष्ट वेगळी. अनुसूचित जमातींना हा कायदा केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही. तिथे जमातीची रूढी पाहिली जाते. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगावं. बौद्ध कुटुंबांना मात्र हाच कायदा लागतो.

दुसरा समज जास्त घातक: कारण काहीतरी दाखवावंच लागतं, म्हणून छळाचे, व्यभिचाराचे आरोप रचायचे. 1976 च्या दुरुस्तीने कलम 13-ब आलं, तेव्हापासून राजीखुशीच्या घटस्फोटात याची गरजच उरलेली नाही. वर्षभर वेगळे राहतो, एकत्र नांदणं शक्य नाही आणि लग्न संपवायचं दोघांनी ठरवलं आहे, एवढंच सांगायचं. ‘वेगळं’ म्हणजे वेगळं घरही नव्हे. पती-पत्नी म्हणून नांदत नसतील तर एका छपराखालीही वेगळेच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात म्हटलं. दुसऱ्या खोलीचं भाडं न परवडणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. त्याच निकालानुसार हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं.

सात वर्षं वेगळे राहिलो की लग्न आपोआप मोडतं, हीही निव्वळ अफवा. जोडीदार जिवंत असल्याची सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं वेगळं कारण आहे, आणि त्यालाही न्यायालयाची पायरी चढावीच लागते. एकट्याने अर्ज केला आणि समोरचा तारखेला आलाच नाही, तर तो निकाल एकतर्फी. त्याला म्युच्युअल म्हणत नाहीत, आणि तिथे कारण सिद्ध करावं लागतं.

‘क्रिकेटपटू चहलला दीड महिन्यात मिळाला, आम्हाला सहा महिने का?’ कारण चहल आणि धनश्री वर्मा जून 2022 पासून वेगळे राहत होते. असे बराच काळ वेगळे राहिलेल्यांसाठी अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत शिथिल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं. पण ती मागावी लागते आणि देणं न्यायालयाच्या हाती. चहल प्रकरणात वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाने आधी नकारच दिला होता. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती माफ केली.

अर्ज लग्न लागलं त्याच जिल्ह्यात करावा लागतो, असंही नाही. शेवटचा एकत्र संसार माथेरानला झाला असेल तर रायगड जिल्ह्यात चालतो. बायको माहेरी कल्याणला असेल तर ठाणे जिल्ह्यातही. आणि शेवटचं: घटस्फोटाच्या अटींच्या कागदात ‘मुलांची पोटगी नको’ असं आईने लिहून दिलं, तरी मुलांचा हक्क त्याने बुडत नाही.