पितळेचं पंचक : ब्रास क्विंटेटमध्ये श्रेष्ठ कोण?

संगीतात ‘सर्वश्रेष्ठ कोण’ हा प्रश्नच गैरलागू आहे, असं ठासून सांगणारी माणसं चहा पोटात गेला की ‘कुमार की भीमसेन’ यावर मध्यरात्रीपर्यंत भांडतात. त्यात वावगं काही नाही. श्रेष्ठत्वाचं भांडण बहुतेक वेळा आपण कशाला महत्त्व देतो याचंच भांडण असतं. आमच्या श्रवणमंडळाने यंदा पाश्चात्त्य वाद्यमेळांवर काही बैठका ठेवल्या. मी शाळेच्या बँडमध्ये कधीकाळी युफोनियम वाजवलं होतं, एवढ्या भांडवलावर ‘ब्रास क्विंटेट’ची बैठक माझ्याकडे आली. दोन तासांत पाच-सहा संचच ऐकवता येणार होते. निवड आली की कसोटी लागते. ती कशी ठरवली आणि तिच्यावर कोण उतरलं, ते इथे मांडतो.

ब्रास क्विंटेट म्हणजे पाच पितळी वाद्यांचा संच : दोन ट्रंपेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि तळाला ट्युबा. आपल्या कानांना ही वाद्यं ठाऊक आहेत ती मुख्यतः वरातीच्या बँडमुळे. तिथे एकच चाल चार-सहा जण मिळून वाजवतात, कारण ती रस्त्याच्या टोकापर्यंत पोचायची असते. एखादा मध्येच दम घ्यायला थांबला तरी अडत नाही. क्विंटेटमध्ये प्रत्येकाचा भाग वेगळा असतो आणि तो वाजवणारा तो एकटाच. समोर काठी हलवणारा संचालक नाही, ठेका धरणारं वाद्य नाही. बँड आणि क्विंटेट यांचं नातं मिरवणूक आणि मैफल यांच्यासारखं आहे.

यातली अडचण समजायला तुतारीपासून सुरुवात करावी. तुतारीच्या नळीची लांबी ठरलेली, म्हणून तिच्यातून मोजकेच सूर निघतात. युरोपातले ट्रंपेट आणि हॉर्न शतकानुशतकं असेच होते. १८१८ साली प्रशियात श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. व्हॉल्व्ह दाबला की नळीचा एखादा जादा वळसा हवेच्या वाटेत येतो, नळी लांब होते आणि मधले हुकलेले सूर सापडतात. ट्रॉम्बोनला याची गरज नव्हती. त्याची नळी हाताने पुढे-मागे सरकवून लांबी बदलता येते. पण व्हॉल्व्ह आल्यामुळेच पितळी वाद्यांचं संपूर्ण कुटुंब वरपासून खालपर्यंत सगळे सूर वाजवू लागलं आणि त्यांची स्वतंत्र बैठक शक्य झाली.

तरीही दोन गोष्टी सुटत नाहीत. पहिली म्हणजे आवाजाची दिशा. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन यांचं तोंड पुढे, ट्युबाचं आढ्याकडे आणि हॉर्नचं मागे. हॉर्नचा बराचसा आवाज मागच्या भिंतीवर आपटून श्रोत्यांकडे येतो. या पाच आवाजांतून एकजीव सूर घडवायचा, तर प्रत्येकाने आपलं वाद्य आपल्या कानाला कसं लागतं यापेक्षा सभागृहात कसं पोचतं याचा अंदाज घेत वाजवावं लागतं. दुसरी गोष्ट ओठांची. व्हायोलिनची तार थकत नाही. इथे सूर ओठांच्या थरथरण्यातून जन्मतो आणि ओठ थकतात. सिम्फनी ऑर्केस्ट्रातला ट्रंपेटवादक बराच वेळ नुसत्या मात्रा मोजत बसून असतो. क्विंटेटमध्ये ती चैन नाही. कार्यक्रमाच्या शेवटच्या दहा मिनिटांत वरचे सूर स्वच्छ लागतात का, यावरून संचाची खरी ताकद कळते.

या थकव्याची एक फार बोलकी गोष्ट आहे. व्हिक्टर एवाल्ड (१८६०–१९३५) हे सेंट पीटर्सबर्गचे स्थापत्य अभियंते. बांधकामाच्या साहित्याचे प्राध्यापक, आणि हौसेने चेलो वाजवणारे. त्या शहरात तेव्हा घरगुती संगीताचा मोठा शौक होता. खुद्द झार तिसरा अलेक्झांडरही पितळी वाद्य वाजवत असे. एवाल्डनी पितळी पंचकासाठी चार रचना केल्या. आज ‘चौथी’ म्हणून ओळखली जाणारी रचना खरं तर सर्वांत आधीची, १८८८च्या सुमाराची. ती वाजवणाऱ्यांच्या ताकदीबाहेरची ठरली, म्हणून एवाल्डनी तिचं स्ट्रिंग क्वार्टेट करून टाकलं. जे ओठांना झेपलं नाही, ते तारांच्या हवाली केलं. हयातीत छापली गेली ती त्यांची एकच पितळी रचना, १९१२च्या सुमारास. बाकीची हस्तलिखितंच राहिली, आणि ती पाश्चात्त्य रंगमंचावर पोचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

इथेच माझ्या कसोटीचं मूळ आहे. स्ट्रिंग क्वार्टेट घेऊन बसणाऱ्या चौघांपुढे हायडन, मोत्झार्ट, बेथोव्हन यांनी भरून ठेवलेलं कोठार असतं. पितळी पंचकापुढे काय होतं? पॅरिसच्या झां-फ्रांस्वा बेलाँ यांनी १८५०च्या आसपास लिहिलेली बारा पंचकं, ती विस्मरणात गेलेली. एवाल्ड. आणि व्हेनिसच्या सान मार्कोमध्ये घुमलेलं गाब्रिएलीचं संगीत, जे मुळात आजच्या वाद्यांसाठी लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे या प्रकारात उतरणाऱ्या संचाला आधी शिधा गोळा करायचा आणि मग स्वयंपाक करायचा, अशी स्थिती होती. म्हणून नुसतं ‘कोण छान वाजवतं’ हे विचारून भागत नाही. संच उठून गेल्यावर मागे काय उरलं, हेही विचारावं लागतं. मी हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या वर ठेवला. यावर आमच्या मंडळात वाद झाला, आणि अजून मिटलेला नाही.

या कसोटीवर पहिलं नाव न्यूयॉर्क ब्रास क्विंटेटचं. १९५४मध्ये सुरू झालेल्या या संचात ट्रंपेटवादक रॉबर्ट नेगल आणि ट्युबावादक हार्वे फिलिप्स होते. पितळी पंचक ही चेंबर म्युझिकची, म्हणजे बैठकीच्या संगीताची, गंभीर जात आहे हे अमेरिकेत त्यांनी रुजवलं. त्यांनी संगीतकारांची दारं ठोठावली. गुंथर शुलर यांची १९६१ची रचना त्यांनीच प्रथम वाजवली. नवी रचना नुसती वाजवून ती दुसऱ्या संचांपर्यंत पोचत नाही, म्हणून नेगलनी स्वतःची प्रकाशनसंस्थाही काढली. आणि १९६१मध्येच इंग्लंडच्या माल्कम अर्नोल्ड यांनी या संचासाठी जे पंचक लिहिलं, ते आज जगभरातले विद्यार्थी वाजवतात.

अर्नोल्डच्या या रचनेपाशी थोडं थांबायला हवं. ते स्वतः लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे प्रमुख ट्रंपेटवादक होते, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा आणि ओठ कुठे सैल सोडायचे हे त्यांना आतून माहीत होतं. पहिल्या भागात दोन ट्रंपेट लपंडाव खेळतात. मधला भाग ‘शाकॉन’ आहे. तबल्याच्या एकल वादनात लेहरा जसा पुन्हापुन्हा येत राहतो आणि त्याच्यावर सगळी इमारत उभी राहते, तशी इथे एकच स्वरावली फिरत राहते आणि तिच्यावर काळोख दाटत जातो. पितळ म्हणजे जल्लोष, हे समीकरण मोडायला हा एक भाग पुरेसा आहे. बैठकीत तो संपल्यावर काही क्षण कुणी बोललं नाही. आमच्या मंडळात हे दुर्मीळ आहे.

दुसरं नाव अमेरिकन ब्रास क्विंटेट. १९६०मध्ये स्थापना, माणसं बदलत गेली तरी संच अखंड, आणि १९८७पासून न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संगीत विद्यालयात कायमचा मुक्काम. यांचं वेगळेपण तळाच्या वाद्यात आहे. ट्युबाऐवजी ते बास ट्रॉम्बोन घेतात. ट्युबाची नळी रुंदावत जाणारी, म्हणून तिचा आवाज गोल आणि मऊ. बास ट्रॉम्बोनची बरीचशी नळी सरळ, म्हणून त्याचा आवाज रेखीव. रंग थोडा कमी होतो, पण पाचही रेषा सुट्या दिसतात. गुंतागुंतीच्या आधुनिक संगीताला हे मानवतं. इलियट कार्टर यांचं १९७४चं पंचक याच संचासाठी लिहिलेलं; ते ऐकायला सोपं नाही, आणि मी ते पूर्ण ऐकवण्याचं धाडसही केलं नाही. जोन टॉवर यांची २००६ची ‘कॉपरवेव्ह’ मात्र पहिल्याच ऐकण्यात पकडते. लोकप्रिय गाण्यांची रूपांतरं वाजवून टाळ्या घेणं या संचाने जवळजवळ टाळलंच. शंभराहून अधिक नव्या रचनांचा पहिला प्रयोग त्यांच्या नावावर आहे. रेमंड मेस यांनी तिथे १९७३पासून चाळीस वर्षं ट्रंपेट वाजवला.

आता दुसरी बाजू. ‘ब्रास क्विंटेट’ म्हटल्यावर बहुतेकांच्या तोंडी येणारं नाव यातलं कुठलंच नसतं. ते असतं कॅनेडियन ब्रासचं. टोरांटोमध्ये १९७०साली ट्युबावादक चक डेलेनबाख आणि ट्रॉम्बोनवादक जीन वॉट्स यांनी तो उभा केला. शंभराहून अधिक अल्बम, १९७७मध्ये चीनचा दौरा, सुटाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, श्रोत्यांमधून वाजवत मंचावर येणं आणि दोन रचनांमध्ये हास्यविनोद. या विनोदांना नाकं मुरडणारे बरेच आहेत. मला त्यात हिशेबही दिसतो : एक जण बोलतो तेवढ्यात चौघांच्या ओठांना विसावा मिळतो. ट्रंपेटवादक फ्रेड मिल्स आणि रोनाल्ड रॉम यांनी बाखच्या ऑर्गनवरच्या रचना पाच पितळी वाद्यांवर बसवल्या, त्या ऐकाव्यात. ऑर्गनही हवेवरच चालतो, त्यामुळे हे रूपांतर ओढूनताणून केलेलं वाटत नाही.

कॅनेडियन ब्रासला मी तिसरं ठेवलं, आणि इथेच वाद पेटला. ‘ज्यांनी श्रोता घडवला ते तिसरे कसे?’ असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदाने विचारला. प्रश्न रास्त आहे. बालगंधर्वांना ऐकायला आलेल्यांतूनच पुढे रागसंगीताचे श्रोते तयार झाले, हा त्यांचा दाखला तर बिनतोड होता. पण कॅनेडियन ब्रासचा श्रोता बव्हंशी त्या संचाचाच श्रोता राहिला, असं मला वाटतं. अर्नोल्डचं पंचक आज कुठल्याही संचाने वाजवलं तरी अर्नोल्डचंच राहतं. पांढरे बूट दुसऱ्याने घातले, तर ती नक्कल होते.

एम्पायर ब्रास आणि इंग्लंडचा फिलिप जोन्स ब्रास एन्सेंबल यांच्याबाबत मी शुद्ध वादनाला कौल दिला. एम्पायर १९७१मध्ये टँगलवूडला जुळला. १९७६मध्ये चेंबर म्युझिकचा नॉमबर्ग पुरस्कार मिळवणारा तो पहिला पितळी संच. त्यांचा ट्रंपेटवादक रॉल्फ स्मेडविग (१९५२–२०१५) एकोणिसाव्या वर्षी बॉस्टन सिम्फनीत दाखल झाला होता. त्याचा सूर अतिवेगातही कधी चिरकत नाही. काही वेळा इतकी सफाई मला थोडी थंड वाटते, पण ती माझी आवड झाली. फिलिप जोन्स (१९२८–२०००) यांचा संच १९५१पासून १९८६पर्यंत चालला. तो कधी पाच जणांचा असे, तर मोठ्या सभागृहांत दहा जणांचा. एल्गर हॉवर्थ यांनी त्यांच्यासाठी केलेलं मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’चं रूपांतर प्रसिद्ध आहे. दहा जणांचा संच क्विंटेटच्या यादीत कसा, अशी हरकत घेता येईल. त्यांच्या पाच जणांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर मी ती बाजूला ठेवली.

नंतरच्या संचांत स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागातला, १९८९पासूनचा स्पॅनिश ब्रास मला सर्वांत जिवंत वाटतो. व्हॅलेन्सियात गावोगावी बँडची परंपरा आहे. त्या मातीचा मोकळेपणा त्यांच्या वादनात आहे. फ्रान्समध्ये नार्बोनला भरणारी पितळी पंचकांची स्पर्धा त्यांनी १९९६मध्ये जिंकली.

संच झाले. वादक निवडायचे, तर ट्रंपेटच्या पहिल्या खुर्चीवर स्मेडविग, आणि दुसऱ्या खुर्चीवर रूपांतराची नजर असलेले फ्रेड मिल्स. हॉर्नसाठी फिलिप जोन्सच्या संचातले आयव्हर जेम्स, ट्रॉम्बोनसाठी जीन वॉट्स. खरी अडचण ट्युबापाशी येते. हार्वे फिलिप्स यांनी या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली; १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरला शेकडो ट्युबावादक जमवून नाताळची गाणी वाजवण्याची प्रथा त्यांचीच. शिकागो सिम्फनीचे अरनॉल्ड जेकब्स (१९१५–१९९८) फुप्फुसांची क्षमता कमी असूनही श्वासाचे जगन्मान्य गुरू झाले, आणि शिकागोच्या पंचकातही वाजवत. तरी मी लंडन सिम्फनीच्या जॉन फ्लेचरना घेतलं. केंब्रिजला विज्ञान शिकलेला हा माणूस फिलिप जोन्सच्या संचात ट्युबा वाजवायचा आणि १९८७मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यांच्या हातात हे अवजड वाद्य गाण्याच्या अंगाने चालतं. वरचे चौघे जोरात असतानाही फ्लेचर आवाज वाढवत नाहीत. सुराची सुरुवात तेवढी अधिक ठळक करतात, आणि तळ ऐकू येऊ लागतो.