या, बघा, मग न्या

सकाळी ६

पिल्लं माझ्याआधी उठतात. गॅलरीत सध्या चार भावंडं आहेत, कात्रजच्या पुढे एका बांधकामावर सापडलेली, जेमतेम सात आठवड्यांची. ओले कागद उचलायचे, पाणी बदलायचं, खाणं भिजवायचं. कोणाची शी पातळ झालीय का, कोण कोपऱ्यात गप्प बसलंय का, हे रोज नीट बघावं लागतं, कारण या वयात पार्व्हो झाला तर दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं.

पुण्यातल्या रस्त्यावरच्या पिल्लांना घर शोधून द्यायचं काम मी करते. त्यातलं बरंचसं काम फोनवरचं. आणि अलीकडे त्या फोनमधले कितीतरी कधी नसलेल्या पिल्लांबद्दल असतात. कोणीतरी मोबाइलवर फोटो बघितलेला असतो, पैसे पाठवलेले असतात आणि पिल्लू आलेलं नसतं.

सकाळी ८

चहा घेता घेता मेसेज बघते. ‘पिल्लू हवंय’ असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी उलट प्रश्न पाठवते. घर भाड्याचं का? मालकाची परवानगी घेतलीय का? दिवसभर घरी कोण असतं? गॅलरीला जाळी आहे का? आधी कुत्रा होता का, त्याचं काय झालं? घरातल्या सगळ्यांना हवंय की फक्त तुम्हाला?

लोक वैतागतात. “ताई, फुकटच देताय ना, मग एवढी चौकशी कशाला?” पुढची बारा-पंधरा वर्षं हा जीव त्यांच्याकडे राहणार आहे, म्हणून. सोयरीक जुळवताना करतात तशी चौकशी मी करणारच. ज्याच्याजवळ खरोखर पिल्लू आहे, तो ते कोणाच्या घरी जातंय याची काळजी करतो. भामट्याला तुमच्या घराशी काही देणंघेणं नसतं. त्याचा पहिला प्रश्न असतो, “टोकन कधी पाठवताय?”

सकाळी साडेनऊ

कॉलेजातल्या एका मुलीने जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवलाय. ‘गोल्डन रिट्रीव्हर, ४५ दिवस, मालक परदेशी चाललेत, दत्तक मोफत, फक्त गाडीभाडं.’ खाली तिचा प्रश्न: ताई, खरं असेल का?

आम्ही दोघी मिळून बघायला बसलो. फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, तर तोच फोटो परदेशातल्या एका ब्रीडरच्या पानावर निघाला. वय ४५ दिवस. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत, त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तिला म्हटलं, नोंदणी क्रमांक माग. उत्तर आलं नाही. व्हिडिओ कॉल कर आणि पिल्लाशेजारी आजचा पेपर धरायला सांग. कॅमेरा बिघडलाय म्हणे. बघायला येते म्हण. पत्ता कॅन्टोन्मेंटमधला, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. सोबत लष्कराच्या ओळखपत्राचा फोटो. वर्दीवर आपला विश्वास असतो, तोच हे लोक वापरतात. ओळखपत्रावर एक नाव आणि यूपीआयवर पैसे भरायला गेलं की बँकेतलं नाव भलतंच.

यातली एखादी गोष्ट खऱ्या माणसाच्या बाबतीतही घडू शकते. कॅमेरा खरंच बिघडतो. पण प्रत्यक्ष बघू न देता जो पैसे मागतो, त्याच्यासाठी पुढचं काही तपासायची गरज नाही. तिला तसंच सांगितलं.

सकाळी ११

दवाखाना. दोघा पिल्लांना पहिली लस. लसीच्या बाटलीवरचं लेबल डॉक्टर सोलून पुस्तकात चिकटवतात. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. शेजारी तारीख, सही आणि पशुवैद्यक म्हणून नोंदणी क्रमांकाचा शिक्का. ‘व्हॅक्सिनेटेड’ असं नुसतं लिहिलेलं पुस्तक दाखवलं तर त्या दवाखान्याला फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या सुमाराला देतात, त्यामुळे दीड महिन्याच्या पिल्लाला ‘सगळ्या लसी झाल्यात’ असं कोणी म्हणालं तर तो एक तर अडाणी किंवा खोटारडा.

दुपारी सव्वा

जेवायला बसणार तेवढ्यात चिंचवडहून फोन. निवृत्त गृहस्थ, आवाज कापत होता. नातीच्या वाढदिवसाला लॅब्रडॉर आणायचा होता. आधी १,५०० रुपये टोकन. मग पिल्लू दिल्लीहून विमानाने निघालं म्हणून पिंजऱ्याचे ४,५००, ‘घरपोच झाल्यावर परत मिळतील’. मग विम्याचे ९,८००, तेही परत मिळणारे. आता ‘विमानतळावरून’ फोन येतोय: लसीचा दाखला अपुरा आहे, १२,००० भरा, नाहीतर पिल्लू उपाशी मरेल आणि प्राण्याला बेवारस सोडलं म्हणून तुमच्यावर केस होईल.

“काका, पैसे पाठवू नका. ते पिल्लू नाहीच आहे,” असं सांगावं लागतं आणि ते सांगणं फार जड जातं. कारण नातीने नाव ठेवलेलं असतं, कोपऱ्यात गादी मांडलेली असते. माणूस चौथ्यांदा पैसे भरतो तो लोभापायी नव्हे. कुठेतरी एक जीव आपल्यामुळे अडकलाय या कळवळ्याने भरतो. ‘तुम्ही एवढे शिकलेले, कसे फसलात?’ असं कृपा करून कोणाला विचारू नका. हा धंदा जगभर चालतो. लॉकडाउनमध्ये सोबतीला कुत्रं हवं म्हणून लोक शोधू लागले तेव्हा तो फोफावला, आणि २०२२ साली बनावट पिल्लांच्या जाहिराती चालवणाऱ्या कॅमेरूनमधल्या एका माणसाविरुद्ध गूगललाच अमेरिकेच्या न्यायालयात जावं लागलं.

त्यांना पाठवलेली विमानाची पावती मी मागवून घेतली. मालवाहतुकीच्या खऱ्या एअर वे बिलाचा नंबर अकरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे विमान कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८. यांच्या पावतीवर इंग्रजी अक्षरं आणि सहा आकडे. रेल्वेनेही कुत्रं पाठवता येतं, पण त्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं आणि पैसे रेल्वेला जातात, कोणाच्या खासगी खात्यात जात नाहीत.

मग कामाचं बोललो. “आधी १९३० लावा. माझ्याशी नंतर बोला.” हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. तिथे किती रुपये, कधी, कुठल्या खात्यातून गेले आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक सांगावा लागतो, तो यूपीआयच्या पावतीवर असतो. तक्रार गेली की समोरच्या बँकेला पैसे रोखून धरायला सांगितलं जातं; पण पैसे खात्यात असतील तरच. हे लोक मिनिटांत ते पुढच्या खात्यांत फिरवतात. इथे तुम्ही स्वतःच्या पिनने पैसे पाठवलेले असतात, म्हणून ‘माझ्या परवानगीशिवाय व्यवहार झाला’ या नियमाखाली बँकेकडून भरपाई मिळत नाही. हातात असतो तो फक्त वेग.

काकांना आणखी एक बजावलं. दोन दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा’ असा फोन येईल. बहुतेक तीच टोळी असते. आणि ‘रिफंड घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका’ म्हणाले तर फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

जेवण गार झालं. चालायचंच.

दुपारी ४

धनकवडीत एक घर बघून आले. आजी दिवसभर घरी, दोन्ही मुलं शाळेतून तीनला येतात. गॅलरीला जाळी नाही. जाळी लावा, मग पिल्लू.

संध्याकाळी ७

गेल्या आठवड्यात ज्यांचं घर पसंत केलं होतं ते कुटुंब आलं. तासभर पिल्लांबरोबर जमिनीवर बसले. अर्ज भरला, ओळखपत्राची प्रत दिली, सहा महिन्यांनी नसबंदी करून घेऊ असं लिहून दिलं. पैशाची देवघेव आमच्यात नाही. पुढच्या लसींचा खर्च ते दवाखान्यात डॉक्टरांना देतील आणि पावती घेतील. काळ्या पायांचा बोका त्यांनी निवडला. म्हणजे नाव बोका, आहे कुत्रा.

रात्री १०

काकांचा मेसेज आला: शेवटच्या ९,८०० पैकी काही रक्कम बँकेने रोखलीय, आधीचे गेले. सायबर क्राइम पोर्टलवरची तक्रार पूर्ण केलीय, उद्या पोलीस ठाण्यात जाणार आहेत. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८वं कलमही लागतं.

टोकनचे १,५०० गेल्यावर बरेच जण लाजेने गप्प बसतात. तुमचं असं झालं असेल तर कृपया गप्प बसू नका. रक्कम लहान असली तरी १९३० वर कळवा आणि तो फोन नंबर, ते खातं नोंदवा. त्याच खात्यात उद्या दुसऱ्या कोणाचे तरी पैसे जाणार आहेत. आणि पिल्लू हवंच असेल तर तुमच्या गावातल्या दवाखान्यात विचारा, प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांना विचारा. माझ्या गॅलरीत अजून तिघं आहेत. तुमच्या गावातही असतील.