जुन्या सागवानी दारांचे पॉलिश : काही उपयुक्त गोष्टी

जालन्यातील कादराबाद, सदर बाजार किंवा अंबड, भोकरदनकडील जुन्या घरांत सागवानी दारे, चौकटी व खांब अजूनही दिसतात. त्यांवर वर्षानुवर्षे ऑईलपेंटचे थर चढलेले असतात. घर दुरुस्तीला काढले की हा माल भंगाराच्या भावात जातो. वास्तविक रंगाखालचे लाकूड बहुधा शाबूत असते. बुजुर्गांची ही अमानत विकण्यापूर्वी थोडा विचार करावा.

पहिली गोष्ट सावधगिरीची. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून जुन्या रंगावर कोरडा सँडपेपर मारू नये व तो जाळूनही काढू नये. पेंट रिमूव्हरने थर सैल करून पट्टीने खरवडावा, कचरा ओल्या फडक्याने टिपावा आणि मुलांना दूर ठेवावे. कास्टिक सोडा स्वस्त पडतो, पण त्याने सागवान काळवंडते.

दुसरी गोष्ट आम्हा कापडवाल्यांना लवकर समजते. कोऱ्या कापडाची खळ काढल्याशिवाय ते रंग सारखा धरत नाही, डाग पडतात. लाकडाचेही तसेच आहे. रेषांत जुना रंग राहिला तर तेथे स्टेन शिरत नाही. रंग पूर्ण निघाल्यावर 120 व नंतर 180 नंबरचा सँडपेपर रेषांच्या दिशेनेच मारावा. आडवे ओरखडे स्टेन दिल्यावर उठून दिसतात. स्टेन आधी दाराच्या मागील बाजूस लावून पाहावा. फिका वाटल्यास दुसरा हात देता येतो, गडद झालेला मात्र सहज उतरत नाही.

शेवटचा हात जागा पाहून द्यावा. आतील दारांना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे पॉलिश शोभते. एका लिटरला सुमारे 200 ग्रॅम लाख घेऊन पातळ हात पुष्कळ द्यावेत. मात्र पाण्याने ते पांढुरके पडते. म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नये आणि बाहेरच्या दाराला हे पॉलिश देऊ नये. तेथे जवसाचे उकळलेले तेल किंवा बाहेरच्या कामाचे व्हार्निश बरे.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेतात. कापडाच्या दुकानामागे घर असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

कारागिराशी रंग काढण्याचा व पॉलिशचा दर वेगवेगळा आणि आधीच ठरवावा. व्यवहार साफ राहतो आणि कामही मनासारखे होते.