संगणक जलशीतन पंप

संगणक जलशीतन पंप हा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता वाहून नेणारे पाणी बंद मार्गात फिरते ठेवणारा लहान विद्युत पंप होय. टाकी, पंप, वॉटर ब्लॉक व रेडिएटर नळ्यांनी जोडून हा मार्ग तयार होतो. पंप थांबला की ब्लॉकमधील थोडेसे पाणी काही क्षणांतच तापते आणि उरलेली यंत्रणा निरुपयोगी ठरते.

सुरुवातीच्या काळात हौशी जुळणीकार मत्स्यालयाचे पंप वापरीत. आइहाइम या जर्मन कंपनीचे १०४६ व १०४८ हे पंप त्यांच्यात विशेष प्रचलित होते. ते घरगुती विजेवर चालत, त्यामुळे संगणक सुरू केला पण पंप विसरला, असे घडू शके. म्हणून काही जण रिले बसवीत. पुढे लाइंग कंपनीचे डी५ व डीडीसी हे १२ व्होल्टवर चालणारे पंप रूढ झाले.

निवड

माहितीपत्रकात सहसा कमाल प्रवाह आणि पाणी चढविण्याची कमाल उंची, म्हणजे शीर्ष, असे दोन आकडे असतात. ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल प्रवाह मार्गात काहीही अडथळा नसताना मिळतो, तर कमाल शीर्षाला प्रवाह शून्य असतो. डी५ पंपाचा कमाल प्रवाह ताशी सुमारे १,५०० लिटर असला, तरी ब्लॉकच्या बारीक खाचांतून जाताना त्याचा लहानसा अंशच उरतो. म्हणून दोन्ही आकड्यांमधील वक्र आलेख पाहणे अधिक उपयुक्त. बंद मार्गात पाणी जेवढे चढते तेवढेच उतरते; त्यामुळे शीर्ष खर्च होते ते घर्षणावर, कॅबिनेटच्या उंचीवर नव्हे.

जास्त प्रवाह म्हणजे जास्त थंडावा, हा समज अंशतःच खरा आहे. ४०० वॅट उष्णता मिनिटाला ४ लिटर पाण्यात गेल्यास पाणी सुमारे १.४ अंश सेल्सिअसने तापते. प्रवाह दुप्पट केल्यास ही वाढ ०.७ अंश होते. ब्लॉकमधील उष्णतावहन थोडे सुधारते खरे, पण त्यासोबत आवाज वाढतो आणि पंपाची स्वतःची उष्णताही पाण्यात मिसळते. तो पैसा मोठ्या रेडिएटरवर खर्च करणे बहुधा शहाणपणाचे.

जोडणी

हे पंप केंद्रोत्सारी असून हवा भरलेल्या नळीतून पाणी स्वतः ओढू शकत नाहीत. टाकी पंपाच्या वर ठेवून त्याच्या प्रवेशमुखाला पाणी आपोआप मिळेल अशी मांडणी करावी लागते. पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी लागते. कोरडा चालविलेला पंप लवकर खराब होतो. खाली रबर किंवा फोम ठेवल्यास कंपने कॅबिनेटपर्यंत पोहोचत नाहीत.

मदरबोर्डवरील पंख्याची जोडणी अनेकदा १ अँपिअरपुरतीच असते. मोठ्या पंपाला वीज थेट पॉवर सप्लायमधून देतात आणि केवळ वेग कळविणारी तार मदरबोर्डला जोडतात.

पहिल्यांदा पाणी भरताना संगणकाच्या इतर भागांना वीज देत नाहीत. पॉवर सप्लाय बंद असतानाच त्याच्या २४ पिनी जोडणीतील हिरवी व एक काळी तार जोडून घेतात आणि मग तो सुरू करून केवळ पंप चालवितात. रंग वेगळे असल्यास पिनांची मांडणी आधी तपासावी. टाकी रिकामी होऊ लागली की पंप थांबवून पुन्हा भरतात, कॅबिनेट हळूच कलते करून बुडबुडे काढतात आणि सांध्यांखाली कागद ठेवून अनेक तास, शक्यतो दिवसभर, गळती तपासतात.