पगारातले २०० रुपये जातात कुठे?

सॅलरी स्लिप हातात आली की आपली नजर थेट शेवटच्या आकड्यावर. मध्ये ‘पीटी’ नावाची एक बारीकशी ओळ असते, तिच्याकडे कोण बघतंय? प्रोफेशन टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. पगार दहा हजारांच्या वर असेल तर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा आपल्या महाराष्ट्राचा ‘बेकारी टॅक्स’ आहे, असं सांगितलं तर?

उमरग्याला सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाला मी विचारलं, ‘‘तुमचा पीटी भरतं कोण रे?’’ तो म्हणाला, ‘‘ऑफिसच भरतं की!’’ अर्धं बरोबर. चलन ऑफिस भरतं, पैसे मात्र त्याच्याच पगारातले. नगर परिषद असो, पंचायत समिती असो की हिंजवडीतली आयटी कंपनी, नियम एकच. आणि नगर परिषदेने कापलेला पैसा तिच्या तिजोरीत राहत नाही, राज्य सरकारकडे जातो.

अमेरिकेत उलटा हिशेब

तिथे बहुतेक राज्यांत बेकारी विम्याचा कर एकटा मालक भरतो. स्थानिक सरकारी ऑफिसांना तर केंद्राचा हा कर माफच आहे. राज्याचा कर दरवेळी भरण्याऐवजी, त्यांच्या काढलेल्या कर्मचाऱ्याला राज्याने जेवढा भत्ता दिला तेवढाच परत करायची सोयही त्यांना आहे.

आपला पीटी असा विमा नाही. त्याचं मूळ १९७२च्या दुष्काळात आहे. मराठवाडा होरपळत होता, हाताला काम नव्हतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली हा कर आला. १९७७ मध्ये ‘हमी’चा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने द्यायचं, गावातल्या मजुराला काम मिळायचं. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला, त्याआधी महाराष्ट्राने हे तीन दशकं करून दाखवलं होतं!

शेजारच्या टेबलाचं काय?

आता भावाच्या शेजारचं टेबल बघा. तिथे कंत्राटी ऑपरेटर बसतो. पगार समजा बारा हजार. त्याचेही २०० कापले जातात. (स्त्रियांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे.) कंत्राट संपलं की तो घरी. पण हमी आहे ती अंगमेहनतीच्या कामाची, कीबोर्डची नाही. पीटी भरल्याची पावती दाखवून त्याला भत्ता मिळत नाही.

वर गंमत म्हणजे, या कराची २,५०० ची कमाल मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. बारा हजारवाला जेवढा भरतो, तेवढाच दोन लाखवाला!

दुष्काळात कुणाची तरी चूल पेटावी म्हणून २०० रुपये द्यायला माझी ना नाही. फक्त दोन लाखवाल्याने थोडं जास्त द्यावं आणि कंत्राट संपलेल्या ऑपरेटरच्या हातीही चार पैसे पडावेत. ‘हमी’ हा शब्द आपणच देशाला दिलाय ना?