‘मला आधी वाटलं होतं…’

दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो, असं चौथी-पाचवीच्या वर्गात विचारून बघा. ‘डोक्यावर!’ असं एका सुरात उत्तर येईल. शिक्षकांच्या खोलीत विचारलंत तरी फार वेगळं काही ऐकू येईल असं नाही. प्रत्यक्षात महाराष्ट्रात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस, आणि तेव्हाही घड्याळात बारा वाजलेले नसतात. पुण्यात हे दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतात. म्हणजे एकदा शाळेला सुट्टी आणि एकदा आभाळात ढग. शून्य सावलीने शाळांशी जणू वैरच धरलंय.

ही गोष्ट मुलांना नुसती सांगायची तर दोन मिनिटं पुरतात, आणि चाचणी झाली की ती विसरूनही जातात. पण तीच त्यांनी वर्षभर स्वतः पाहिली, मोजली, तिचे फोटो काढले, तिच्यावर भांडली आणि या सगळ्याचं फोनवर उघडणारं एक पुस्तक केलं, तर? विज्ञानाचं डिजिटल पुस्तक मुलांनी करायचं, हा उपक्रम म्हणायला सोपा आहे. तो चांगला होतो की नुसताच देखणा, हे मात्र मोठी माणसं त्यात कुठे हात घालतात आणि कुठे आवरतात, यावर ठरतं.

मराठी शाळांना मुलांनी पुस्तक करण्याची कल्पना नवी नाही. आपल्याकडे ‘हस्तलिखित’ होतंच. वळणदार अक्षर असलेल्या चार-पाच मुली, मुखपृष्ठ रंगवणारा एखादा कलाकार, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन, आणि नंतर त्या एकुलत्या एका प्रतीचा मुख्याध्यापकांच्या कपाटात कायमचा मुक्काम. विज्ञानाच्या वाट्याला त्यात बहुधा ‘विज्ञान : शाप की वरदान’ एवढंच यायचं. ज्याचं अक्षर वाईट, त्याचं निरीक्षण कितीही तल्लख असलं तरी त्याला त्यात जागा नसे. डिजिटल पुस्तकात ही अडचण सुटते. प्रती हव्या तेवढ्या निघतात, चुकलेलं पान बदलता येतं, आणि लिहायला अडखळणारं मूल बोलू शकतं.

मात्र ‘हस्तलिखिता’चे जुने दोष इथेही बिनबोभाट शिरतात. इंटरनेटवरून उचललेलं सूर्यमालेचं चकचकीत चित्र, विकिपीडियाचा एक परिच्छेद, बाईंनी रात्री जागून केलेलं टायपिंग, पान उलटताना उडणारे तारे. पालक खूश, अधिकारी खूश. पुस्तकावर नाव मुलाचं असतं, पण आत मुलाने पाहिलेलं काहीच नसतं. असं पुस्तक न केलेलं बरं.

आता सावलीचं पुस्तक जरा जवळून पाहू. साहित्य अगदी किरकोळ आहे. एक मीटर उंचीची सरळ काठी, ती ओळंब्याने उभी करायची, खाली सपाट जमीन, मोजपट्टी आणि बाईंचा किंवा गुरुजींचा फोन. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि फोटो काढायचा. फोनमधल्या फोटोवर वेळ आपोआप नोंदलेली असते, त्यामुळे ‘नक्की किती वाजता?’ हा वाद मिटतो. सगळ्यांत आखूड सावली बाराला मिळेल अशा भरवशावर मुलं बसलेली असतात. बारा वाजून जातात, सावली आणखी आखडतच राहते. पुण्यात ती आखूड होऊन पुन्हा वाढायला लागते ती साधारण साडेबारा उलटल्यावर. कारण आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. एकेका अंशाला चार मिनिटं, असा हिशोब.

प्रयोग तेवढ्यावर सोडून दिला तर अर्धीच गंमत हाती लागते. महिन्यातून एकदा हेच केलं तर पुस्तकाला पुढची पानं मिळतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळ्यांत आखूड सावली सव्वाबाराच्या सुमारास मिळते, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या आसपास. जागा तीच, काठी तीच, तरी सूर्याची मध्यान्ह अर्ध्या तासाने सरकते. लांबीही बदलते. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीची सावली ९० सेंमीच्या आसपास जाते, मार्चच्या २१ तारखेला ती ३३ सेंमीवर येते. आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर ढगांतून एखादी उघडीप मिळालीच, तर सावली चक्क दक्षिणेला पडलेली दिसते. ‘आपली सावली दुपारी नेहमी उत्तरेला पडते’ असं ज्यांनी डिसेंबरात ठामपणे लिहिलेलं असतं, त्यांना तिथे नवं पान उघडावं लागतं.

आता कसोटी शिक्षकाची. डिसेंबरचं ते चुकीचं पान पुसायचं का? माझं मत : मुळीच नाही. या पुस्तकातलं सगळ्यांत मौल्यवान पान तेच आहे. त्याच्या शेजारी ‘मला आधी वाटलं होतं…’ अशी सुरुवात करून मुलाने काय वाटलं होतं, कशामुळे वाटलं होतं आणि कोणत्या फोटोने ते मोडीत काढलं, हे लिहायचं. पाठ्यपुस्तकात हे पान कधीच नसतं. तिथे उत्तर सरळ येतं, त्यापर्यंत पोचताना कोण कुठे अडखळलं ते दिसत नाही. आपल्या प्रयोगवह्यांतही ‘साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष’ अशी चौकट असते आणि अर्धा वर्ग निष्कर्ष आधी लिहून निरीक्षण मागाहून जुळवतो. (दहावीनंतर हे कौशल्य आणखी वाढतं.) या पुस्तकात फोटोवर वेळ असल्यामुळे तशी जुळवाजुळव अवघड जाते.

मुलांचं लिखाण असंच, त्यांच्या शब्दांत ठेवलं तर ते शास्त्रीय राहतं का, अशी शंका येणं साहजिक आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन या खेड्याच्या प्राथमिक शाळेने तिचं उत्तर देऊन ठेवलंय. तिथल्या आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी, मेंदूविज्ञानाचे अभ्यासक बो लोटो यांच्याबरोबर, बंबल-बी जातीच्या केसाळ मधमाश्यांवर प्रयोग केले. प्रश्न मुलांचाच होता : माशी फूल निवडताना नुसता रंग बघते, की त्या रंगाच्या आजूबाजूला काय आहे हेही लक्षात ठेवते? माश्या ओळखू याव्यात म्हणून त्यांना फ्रीजमध्ये थोडं गारठवून सुस्त केलं आणि अंगावर रंगाचे ठिपके दिले. रंगीत दिव्यांच्या चौकटीत काही जागी साखरेचं पाणी ठेवलं, काही जागी मिठाचं. माश्या रंग आणि मांडणी या दोन्हींचा मेळ घालून निवड करू शकतात, असं मुलांना आढळलं. डिसेंबर २०१० मध्ये हे सगळं ‘बायॉलॉजी लेटर्स’ या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध म्हणून छापून आलं, तेही मुलांच्या भाषेत आणि मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह. आधीच्या संशोधनाचे संदर्भ त्यात नव्हते. ती बाजू सांभाळायला तज्ज्ञांचं वेगळं टिपण सोबत जोडलं होतं. मोठ्यांनी आपलं म्हणणं मुलांच्या मजकुरात घुसडलं नाही, शेजारी ठेवलं. आपल्या शिक्षकांनी उचलावी अशी युक्ती ही आहे. पुस्तकाच्या शेवटी ‘बाईंचं पान’ असू द्यावं, तिथे रेखावृत्त, अक्षाचा कल वगैरे काय ते समजवावं. मुलांच्या पानांना हात लावू नये.

मग शिक्षकाने करायचं काय? विचारायचं. ‘हे तुला कसं कळलं?’, ‘उद्या केलं तर असंच येईल का?’, ‘फोटोत मोजपट्टी कुठे आहे?’ अशा प्रश्नांनी पान जेवढं सुधारतं तेवढं लाल शाईने सुधारत नाही. शुद्धलेखन शेवटच्या हाताला बघावं, आणि तेही मुलाला शेजारी बसवून.

आवाजाची सोय हा या पुस्तकांचा दुसरा मोठा फायदा. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारं मूल लिहायला बसलं की प्रमाण मराठीच्या धाकाने तीन कोरडी वाक्यं लिहून मोकळं होतं. त्यालाच फोटो दाखवून ‘इथे काय झालं ते सांग’ म्हटलं की दोन मिनिटं थांबत नाही. ते बोलणं तसंच पानावर ठेवता येतं. शिवाय ऐकताना शिक्षकाला मुलाच्या समजुतीतली फट कळते. ‘सूर्य वर गेला म्हणून सावली घाबरून जवळ आली’ असं कुणी म्हणालं तर ते गोड आहे, पण त्याला प्रकाश सरळ रेषेत जातो हे उमगलंय की नाही, हा प्रश्न तिथे उभा राहतो. आवाज ओळखून मराठी टाइप करणारी सोय आता बहुतेक फोनांत असते. ती विज्ञानाच्या शब्दांना अधूनमधून भलतंच वळण देते, म्हणून तिने लिहिलेलं मुलांकडूनच तपासून घ्यावं. त्यात हसण्याची सोयही आयती होते.

साधनांबद्दल फार गाजावाजा करण्याचं कारण नाही. बुक क्रिएटर हे २०११ मध्ये आधी आयपॅडसाठी आलेलं साधन मुलांसाठीच बनलेलं आहे. त्यात चित्र, आवाज, व्हिडिओ सहज बसतात. ते नसेल तर सादरीकरणाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये पानाचा आकार उभा करून घेतला आणि शेवटी पीडीएफ केली तरी पुस्तक होतं, फक्त आवाज त्यात भरवशाने वाजत नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं खुल्या परवान्याने मिळतात, तिथल्या चित्रसंग्रहातून आपली गोष्टही रचता येते. पण मांडणीचे नमुने बघायला ते उत्तम, सावलीच्या पुस्तकात मात्र दुसऱ्याचं चित्र चालणार नाही. इथे चित्र हाच पुरावा आहे.

आवाजासकट पुस्तक हवं असेल तर ईपब हे स्वरूप घ्यावं. एक गंमत मुलांना जरूर दाखवा : संगणकावर ईपब फाइलची प्रत काढायची, तिच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ बदलून ‘झिप’ करायचं आणि ती उघडायची. आत वेबपानं, चित्रं, आवाजाच्या फायली आणि पानांचा क्रम सांगणारी यादी असं सगळं सुटं सुटं दिसतं. घड्याळ खोलून बघणाऱ्या मुलांना हे फार आवडतं.

दोन कटकटींची आधीच काळजी घ्यावी. एक, फॉन्ट. शाळेच्या संगणकावर अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट असतील तर त्यांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फोनवर अगम्य चिन्हांचा ढीग होतो. युनिकोडच वापरावा. मुक्ता, नोटो असे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. दुसरी, मुलांची ओळख. पुस्तक शाळेबाहेर जाणार असेल तर चेहरे, पूर्ण नावं, शाळेचा गणवेश ओळखू येणारे फोटो टाळावेत. काठी धरलेले हात पुरेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, तेव्हा मुलांची खाती उघडण्याऐवजी शिक्षकाच्या एका खात्यावर काम भागवावं. फोन एकच असेल तर चौघांचा गट करावा. एकाने फोटो काढायचा, एकीने मोजायचं, एकाने लिहायचं, एकीने शंका काढायची. हे शेवटचं काम कुणाला द्यायचं ते वर्गाला बरोबर ठाऊक असतं.

पुस्तक झाल्यावर ते व्हॉट्सॲपच्या पालकगटावर टाकलं, चार अंगठे आले आणि संपलं, असं होऊ नये. ते दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवावं. पुणं आणि पणजी जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. पणजी पुण्याच्या तीन अंश दक्षिणेला, म्हणजे सुमारे ३३५ किलोमीटरवर. जानेवारीच्या मध्यावर, स्वच्छ आभाळाच्या एकाच दिवशी, दोन्हीकडच्या मुलांनी मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली मोजली तर पुण्यात ती ८३ सेंमीच्या आसपास येईल आणि पणजीत ७४-७५. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडायची, कागदावर दोन काटकोन त्रिकोण मापाने काढायचे आणि टोकाचा कोन कोनमापकाने मोजायचा. इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या दोन गावांसाठी लावलेला हिशोब तो हाच. कोनांतला फरक तीन अंश निघाला तर ३६० भागिले ३ म्हणजे १२०, आणि १२० गुणिले ३३५ म्हणजे पृथ्वीचा परीघ ४०,२०० किलोमीटर. खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ.

पण कोनमापक शाळेच्या कंपासपेटीतलं असतं. फरक दोन अंश वाचला गेला तर पृथ्वी ६०,००० किलोमीटरची होते, चार वाचला तर ३०,००० ची. पणजीच्या मुलांचा आकडा एक आणि पुण्याच्या मुलांचा दुसराच आला की फोन सुरू होतात, कोणाची काठी तिरकी होती ते शोधलं जातं, आणि दोन्ही पुस्तकांना आणखी एकेक पान जोडावं लागतं.