बोरूचे वळण आणि पडद्यावरील अक्षर

इ. स. २०२३ मध्ये उस्मानाबाद या नावाच्या जागी धाराशिव हे नाव शासकीय व्यवहारात आले आणि नगरातील व जिल्ह्यातील पुष्कळ पाट्या नव्याने करण्यात आल्या. या पाट्यांत भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबून पाहावे अशी एक गोष्ट आहे. नव्या नावात 'श' हे अक्षर येते, आणि हा 'श' सर्वत्र एका वळणाचा नाही. कोठे तो मराठी वळणाचा, देठाचा आहे; कोठे हिंदी पुस्तकांतून आढळणाऱ्या वळणाचा. पूर्वी पाटी रंगविणारा पेंटर शाळेत गिरविलेले वळणच कुंचल्याने काढीत असे. आता पाटी संगणकावर तयार होते आणि तेथे वळणाची निवड पाटी करणाराकडे क्वचितच असते. अक्षरसंच घडविणाऱ्या कलावंताने ती त्याच्याही आधी करून ठेविलेली असते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ही मराठीची रूपे म्हणून सांगितली. परंतु यंत्रात जे अक्षर नाही ते शासन निर्णयाने पाटीवर उमटत नाही. हाताची परंपरा यंत्रात उतरविणाऱ्या कलावंताच्या कामाकडे भाषाशास्त्राने लक्ष द्यावयाचे ते याच कारणासाठी.

असा कलावंत म्हणून रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मुंबईच्या सर ज. जी. कलासंस्थेत उपयोजित कलेचे शिक्षण, त्यानंतर जाहिरातसंस्थांतून, विशेषतः 'उल्का'मध्ये, कलादिग्दर्शकाचे काम, १९८३ पासून पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन, आणि शेवटी नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत (ही पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली) भारतीय लिप्यांच्या अक्षरसंचांची निर्मिती, असा त्यांचा क्रम आहे. शिवाय ते कवी होते, आणि अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ घडविणारी दृश्यकविता त्यांनी केली. विंडोज २००० या प्रणालीबरोबर घरोघर पोहोचलेला 'मंगल' हा नागरी अक्षरसंच त्यांचा होय. लक्षावधी मराठी माणसांनी त्यांचे अक्षर वाचले आहे, नाव मात्र ऐकलेले नाही. अक्षरकारांचे बहुधा असेच होते.

जोशी यांच्या कामातील मुद्दा समजण्यासाठी बोरूपासून आरंभ करणे सोयीचे. नागरी लेखनाकरिता बोरूचे टोक तिरके छाटतात, आणि हा छाट रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट बाजूस असतो. त्यामुळे अक्षरातील जाड-बारीकपणाची दिशा त्या लिपीच्या उलट पडते. हात कोठून निघाला, कोठे वळला, कोठे उचलला गेला, याची नोंद अक्षराच्या अंगावर राहते. अक्षर ही जशी आकृती, तशी ती हालचालही आहे. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर पंचांग छापले तेव्हा ही हालचाल अबाधित राहिली, कारण शिळेवर हस्तलेखच उतरतो. खिळ्यांची छपाई आल्यावर मात्र अक्षर धातूच्या चौकोनी तुकड्यात बसवावे लागले. मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरे यांसाठी जुळाऱ्याच्या पेट्यांतून शेकडो खिळे ठेवणे भाग पडले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने त्या मर्यादेतही बोरूचे वळण किती राखले हे त्यांचे जुने ग्रंथ उघडले म्हणजे दिसते. तथापि खिळ्याला हात ठाऊक नसतो. त्याला केवळ बाह्यरेषा ठाऊक असते.

संगणक आल्यावर दोन मार्ग मोकळे झाले. खिळ्याची बाह्यरेषा तशीच यंत्रात उतरवावी हा एक. लेखणीची गती यंत्रास शिकवावी हा दुसरा. स्टॅनफर्ड येथील डॉनल्ड क्नुथ यांनी 'मेटाफाँट'मध्ये दुसरा मार्ग चोखाळला: लेखणीच्या टोकाचा आकार द्यावयाचा, तिचा मार्ग गणिताने सांगावयाचा, आणि अक्षर यंत्राने काढावयाचे. १९८४ च्या नव्या आवृत्तीत त्यांनाही बाह्यरेषा भरण्याची सोय द्यावी लागली, कारण छापील अक्षर निव्वळ लेखणीचे नसते. ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्टहाऊस यांनी १९९१ मध्ये याच साधनाने नागरी अक्षरसंच सिद्ध केला.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातून एक तिसरे उदाहरण सुचते. १९४८ पर्यंत येथील राज्यकारभार निजामाच्या राजवटीत उर्दूतून चाले, आणि उर्दूची नस्तालिक लिपी खिळ्यांना कधीच नीट वश झाली नाही. उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबाच्या हातून लिहून घेतली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार जुळणरूपे हाताने लिहून ती मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात साठविली. ही कल्पना साधी आणि श्रमाची होती: हाताने जे जे लिहिले जाते ते सर्व लिहून ठेवावे. नागरीत हे अशक्य नव्हते, परंतु ते व्यर्थ झाले असते. नागरीतील जोडणीला नियम आहेत, आणि जेथे नियम आहेत तेथे कोठार भरण्यापेक्षा व्याकरण लिहिणे श्रेयस्कर.

जोशी यांचे काम मला या व्याकरणाच्या बाजूचे वाटते. संगणक मजकूर साठवितो तो वर्णांच्या क्रमाने. वाचकाला दिसते ते अक्षर. 'शि' लिहिताना वेलांटी श-नंतर साठविली जाते आणि श-आधी दिसते. 'र्म'मधील र क्रमाने पहिला, परंतु दिसतो तो शेवटी, म-च्या माथ्यावर रफार होऊन. वर्णक्रमातून अक्षराकृती कशी सिद्ध होते, कोणता वर्ण अर्धा होतो, कोणता सरकतो, कोणता दुसऱ्यात विरघळतो, याचे नियम अक्षरसंचातच भरावे लागतात. जोशी आणि त्यांचे संगणकशास्त्रज्ञ सहकारी यांनी १९९९ मध्ये या आकारणीच्या रचनेवर संशोधननिबंध प्रसिद्ध केला. सुलेखनकाराचे नाव अशा निबंधावर असणे यातच या पद्धतीचे मर्म आहे. हात कोणत्या जागी जोड घेतो हे त्यालाच माहीत असते, आणि तो जोड नियमात मांडल्याशिवाय यंत्र तो घेत नाही.

हा प्रश्न निव्वळ शोभेचा नाही. मराठीत पापणीसारखे अर्धे 'र' आहे, आणि ते अर्थभेदक आहे. 'आचार्यास' म्हणजे गुरूला. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल भाग. युनिकोडात हा भेद ऱ-च्या साह्याने राखता येतो, मात्र अक्षरसंचात ती आकृती असली पाहिजे आणि तिचा नियमही असला पाहिजे. दोहोंपैकी एक नसेल तर येडशीच्या रामलिंगाभोवतालच्या बालाघाटच्या दऱ्यांचा समुद्र होण्यास वेळ लागत नाही. बोलीची सामग्री टंकलिखित करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून असे समुद्र अधूनमधून लागतात. तपासणाऱ्याने ती शुद्धलेखनाची चूक समजू नये. पुष्कळदा ती साधनाची उणीव असते. 'श' आणि 'ल' यांची गोष्ट वेगळी. तेथे दोन्ही वळणांचा संकेतांक एकच असल्यामुळे अर्थ बिघडत नाही, पण मराठी वाचकाचे वळण कोणते हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी अक्षरकाराकडे जातो. चांगल्या संचात दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे यंत्रास सांगितल्यास मराठी रूप पुढे येते. ते सांगण्याचे कष्ट आपल्यापैकी किती जण घेतात, हा प्रश्न येथे विचारण्यासारखा आहे.

'मंगल' हे सुंदर अक्षर आहे काय? माझ्या मते नाही. त्यात बोरूचा जाड-बारीकपणा फारसा उरलेला नाही, आणि निर्णयसागरच्या पानासमोर ते फिके वाटते. परंतु ज्या पडद्यासाठी ते केले गेले त्यावर एका अक्षराच्या उंचीस मोजके ठिपके मिळत. त्यांतील काही वर मात्रांना, काही खाली उकारांना गेले की मुख्य अक्षरास राहिलेल्या जागेत रेषा एक ठिपका जाड करावयाची की दोन, एवढाच विकल्प उरे. तेथे जोशी यांनी वळण सोडले आणि घडण राखली, म्हणजे अक्षरांची परस्परप्रमाणे व जोडांच्या जागा राखल्या. हा त्याग विचारपूर्वक होता असे मला वाटते. आजच्या पडद्यांवर ठिपके विपुल आहेत. त्यामुळे मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' यांसारख्या नंतरच्या संचांना तो त्याग तितक्या प्रमाणात करावा लागला नाही.

मोडीच्या बाबतीत मात्र हा व्यवहार अजून आरंभीच आहे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचा ओघ नागरीत आणणारी 'मुक्तलिपी' निर्माण केली. तो कलावंताचा प्रयोग होता आणि त्याचे मोल वेगळे. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडात स्थान मिळाले व अक्षरसंचही झाले. परंतु हे संच मोडीची सुटी, छापील पद्धतीची अक्षरे देतात. दप्तरातील मोडी अशी नसते. लेखक आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली लिहीत जातो. एक अक्षर पुढच्यात शिरते आणि शेजार बदलला की त्याचे रूप बदलते. म्हणजे नागरीत जोडाचे नियम मुख्यत्वे एका अक्षराच्या आत असतात, ते मोडीत अक्षराअक्षरांमध्ये पसरलेले आहेत. ते नियम अद्याप कोणत्याही संचात पूर्णपणे उतरलेले नाहीत, आणि केवळ अक्षरांची तालिका पाहून ते सापडणारही नाहीत. त्यासाठी मोडी कागद वाचणारा, तो हात गिरवू शकणारा सुलेखनकार आणि नियम लिहिणारा संगणकशास्त्रज्ञ एका मेजाशी बसावे लागतील. आमच्या विभागापुरते बोलावयाचे तर, मोडी कागदांच्या लिप्यंतराचे काम घेणाऱ्या विद्यार्थ्याने वाचनाबरोबरच प्रत्येक जोडणी कोणत्या अक्षरांमध्ये, कोणत्या दिशेने आणि हात उचलून की न उचलता झाली आहे याची नोंद ठेवावी. एका कागदाच्या अशा नोंदीस आठवडा लागेल. पुढे अक्षरसंच करणाऱ्यास नियम लिहावयाचे तर त्याला आधार मिळेल तो याच नोंदींचा.